शिकाऊ हात आणि गरिबाचे पोट

संपादकांनी नेहमीप्रमाणे माझ्याकडे दिवाळी अंकासाठी कथा मागितली होती. मी लिहायला बसलोही होतो. पण तिसऱ्या पानावर माझे वडील शस्त्रक्रियेच्या टेबलावर येऊन आडवे झाले आणि काही केल्या उठेनात. तेव्हा कथा बाजूला ठेवली आणि हे भांडण लिहायला घेतले. चकलीच्या ताटाशेजारी चिरफाडीचा विषय शोभत नाही, हे मला कळते. ज्यांना तो सोसणार नाही त्यांनी खुशाल पुढच्या विनोदी लेखाकडे वळावे. मी राग मानणार नाही. पण ज्यांच्या घरात गेल्या वर्षा-दोन वर्षांत कुणाचे पोट, कुणाचा डोळा, कुणाचे हाड उघडले गेले, त्यांनी घटकाभर थांबावे. आणि असे घर आज कोणते नाही?

प्रथम माझी पायरी सांगतो. मी डॉक्टर नाही. येवल्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो आणि सुटीत कादंबऱ्या लिहितो. शिक्षण म्हणाल तर दहावी, म्हणजे आमच्या घरच्या भाषेत मॅट्रिक, आणि वर चित्रकलेच्या परीक्षा. अशा माणसाने शस्त्रवैद्यांच्या कामात नाक खुपसू नये, असे कोणी म्हणेल. म्हणोत. शिकवणे हा माझा धंदा आहे. शिकाऊ हात कसा थरथरतो हे मी रोज पाहतो. शिवाय ज्या पोटांवर हे शिक्षण चालते त्यांतले एक पोट माझ्या घरचे होते.

वडील पैठणीचे विणकर. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून चाळीस वर्षे बसलेला माणूस. साठी उलटल्यावर जांघेत हर्निया आला. ही २००९ सालची गोष्ट. खासगी दवाखान्याचा आकडा ऐकून त्यांनी मुकाट्याने पिशवी भरली, आणि आम्ही त्यांना एका मोठ्या सरकारी रुग्णालयात नेले, जिथे डॉक्टरकी शिकवतात. कोणत्या, ते सांगणार नाही. नाव घेतले की भांडण त्या एका इमारतीशी होते, आणि माझे भांडण इमारतीशी नाही.

हर्नियाच्या शस्त्रक्रियेत पुष्कळदा कमरेत इंजेक्शन देऊन खालचे अंग बधिर करतात. माणूस जागाच असतो. छातीच्या पुढे एक हिरवा पडदा लावतात, एवढेच. वडिलांना पलीकडचे काही दिसत नव्हते, परंतु कानांना कोणी भूल दिली नव्हती. पडद्याआड दोन कोवळे आवाज होते. "इथे धर." "तिथे नको, तिथे नको." मग बराच वेळ शांतता. मग एकाने विचारले, "सर कुठे आहेत?" दुसरा म्हणाला, "शेजारच्या थिएटरात. येतो म्हणालेत." सर आले तेव्हा टाके घालून झाले होते.

तिसऱ्या दिवशी जखम लाल झाली. पाचव्या दिवशी तीतून पू आला. आत बसवलेली जाळी पुन्हा उघडून काढावी लागली. ज्या कामाला चार दिवस सांगितले होते त्याला एकतीस दिवस लागले. मागावर एका लग्नाची पैठणी अर्धी विणलेली होती. ते गिऱ्हाईक दुसऱ्या मागावर गेले.

आता न्यायाने बोलायचे तर एवढे कबूल केले पाहिजे की, जखम चिघळणे भल्याभल्या हातांनाही चुकत नाही. तो पू शिकाऊ हाताचा होता, वॉर्डातल्या चादरीचा होता की वडिलांच्या नशिबाचा, हे मी सिद्ध करू शकत नाही आणि करायला बसलेलो नाही. माझी तक्रार निराळी आहे. घरी जाताना हातात जो कागद मिळाला त्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या रकान्यात त्या सरांचे नाव होते.

त्या दोन पोरांपैकी एक जण रोज सकाळी मलमपट्टीला येई. पाळी नसली तरी येई. एके दिवशी वडिलांनी त्याला विचारलेच, "डॉक्टर, तुमची ही कितवी?" पट्टी सोडवता सोडवता तो थांबला. म्हणाला, "बाबा, तिसरी." वडील म्हणाले, "मग चौथीला घाई करू नका." त्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आले, असे आई सांगत असे. वडील मात्र असे काही सांगत नसत. ते पुढे दहा वर्षे जगले आणि त्यांतली सात वर्षे मागावर बसले.

घरी आल्यावर त्यांनी आपला निकाल दिला. "आपल्याकडे पोर कामाला लागले की आधी नुसत्या कांड्या भरते. मग वस्तादाच्या शेजारी बसते, बघते. मग त्याला साधा काठ मिळतो. मोर मिळायला वर्षे जातात. ते पोर चुकते. चुकल्याशिवाय शिकते कोण? पण चुकले की वस्ताद तिथल्या तिथे बाणा उसवतो. पोराच्या हाती काठ दिला, ही माझी तक्रार नाही. काठ दिला आणि वस्ताद मागावरून उठून गेला, ही माझी तक्रार आहे."

या लेखात मला जे म्हणायचे आहे ते एवढेच आहे. बाकीचे मास्तरी पाल्हाळ समजा. पण ते ऐकून घ्या.

आमच्या शाळेत अध्यापक विद्यालयाचे विद्यार्थी सराव-पाठ घ्यायला येतात. पोरसवदा मुले-मुली, हातात रंगीत खडू आणि तक्ते, कपाळावर घाम. त्यांचे मार्गदर्शक मागच्या बाकावर टिपणवही उघडून बसतात. एकदा एका मुलीने अपूर्णांकांची बेरीज करताना अंशात अंश मिळवला आणि छेदात छेद मिळवला. फळ्यावर अर्धा अधिक अर्धा बरोबर दोन चतुर्थांश झाले. म्हणजे अर्धी भाकर आणि अर्धी भाकर मिळून अर्धीच भाकर! वर्गातल्या चाळीस पोरांनी ते निमूटपणे वहीत उतरवले. तेवढ्यात मागच्या बाकावरचे गृहस्थ उठले, फळ्यापाशी गेले, त्या मुलीच्या कानात दोन शब्द बोलले आणि परत येऊन बसले. तास संपण्यापूर्वी पूर्ण भाकर मुलांना परत मिळाली. अपूर्णांकासाठी आपण मागच्या बाकावर माणूस बसवतो. आतड्यासाठी बसवायला नको?

इथे दुसऱ्या बाजूचे लोक माझ्या पाठीवर थाप मारायला पुढे येतील, म्हणून त्यांचाही समाचार घेतो. आमच्या पेठेतले एक सधन गृहस्थ मला म्हणाले, "मास्तर, म्हणून तर आम्ही पैसे मोजतो. मोठ्या डॉक्टरशिवाय कोणी हात लावायचा नाही." मी विचारले, "तो मोठा डॉक्टर मोठा कुठे झाला? आईच्या पोटातून कात्री घेऊन आला काय?" त्यांना उत्तर सुचले नाही. उत्तर सरळ आहे. तो वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुठल्या तरी सरकारी वॉर्डात, कुठल्या तरी विणकराच्या, हमालाच्या, शेतमजुरणीच्या अंगावर मोठा झाला. ज्या सफाईचे आमचे गृहस्थ पैसे मोजतात ती सफाई दुसऱ्याच कोणी तरी आपल्या देहाने आधीच फेडून ठेवलेली आहे. आणि त्यांच्या माहितीसाठी एक बातमी: राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या डी.एन.बी. पदवीचे विद्यार्थी मोठमोठ्या खासगी रुग्णालयांतही शिकतात. तिथे लिफ्ट गुळगुळीत असते, परंतु शिकाऊ हात शिकाऊच असतो.

शिकाऊ हाताशिवाय शस्त्रवैद्यक नाही, हे आपल्याइतके जुने कोणाला ठाऊक? सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात योग्यासूत्रीय नावाचा एक अध्याय आहे. योग्या म्हणजे सराव. छेद घ्यायला शिकायचे ते कोहळ्यावर, दुध्या भोपळ्यावर, कलिंगडावर, काकडीवर. शीर वेधायला शिकायचे ते मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर. केसाळ कातड्यावर खरवडणे, किडक्या लाकडात शलाका घालणे, जाड कापडाच्या नि मऊ कातड्याच्या कडांवर शिवणे, माणसाएवढ्या पुतळ्यावर पट्ट्या बांधणे. सगळे शास्त्र मुखोद्गत असले तरी हा सराव न केलेला माणूस कामाला अपात्र, असे तिथे साफ सांगितले आहे. आपण मात्र सभेत सुश्रुताचे नाव घेऊन कापलेले नाक जोडल्याच्या अभिमानाने आपले नाक वर करतो, आणि भोपळ्याचा अध्याय तसाच मिटून ठेवतो. २०१९पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाला कौशल्य-प्रयोगशाळा सक्तीची झाली. चांगले झाले. फक्त तिचे कुलूप तपासणीच्या दिवसाव्यतिरिक्तही उघडत जावो, एवढीच आमची प्रार्थना.

पण भोपळ्यातून रक्त येत नाही. कितीही भोपळे कापले तरी एक दिवस पहिला माणूस येतोच. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्र. कु. सेन यांनी फेब्रुवारी १९६८मध्ये हृदयारोपण केले. जगातल्या अगदी पहिल्या काही आरोपणांतले ते एक होते. त्यापूर्वी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत कुत्र्यांवर पुष्कळ सराव केला होता. तरीही तो रुग्ण काही तासांपलीकडे जगला नाही. म्हणून सेन यांना कोणी दोष देत नाही, कारण त्यांनी काय करीत आहोत ते लपवले नव्हते. त्याच रुग्णालयाची आणखी एक गोष्ट इथे आठवते. १९२६ साली सेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या नावाने तिथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा देणगीदारांनी अट घातली होती की तिथला अध्यापकवर्ग भारतीयच असला पाहिजे. साहेबाच्या राज्यात नेटिव्हाचा हात हाच एक कायमचा शिकाऊ हात मानला जाई. त्या हाताला टेबलापाशी जागा मिळाली नसती तर आज आपल्याला मोठा डॉक्टर मागायलाही कोणी उरला नसता.

आणि दूर कशाला जा? आमच्या येवल्याची संक्रांत आठवा. आसारीवर मांजा गुंडाळून सारे गाव गच्चीवर. बंदी असलेला नायलॉनचा मांजाही कुठून तरी येतोच, आणि संध्याकाळपर्यंत कुणाची हनुवटी, कुणाचा गळा, कुणाची भुवई कापली जाते. सणाच्या रात्री नऊ वाजता सरकारी दवाखान्यात त्या जखमा शिवायला कोण उभे असते? बहुतेक वेळा नुकतेच डॉक्टर झालेले पोरच असते. त्याने शिकूच नये म्हणणाऱ्याने आपली हनुवटी दुसऱ्या दिवसापर्यंत हाताने धरून बसावे.

तेव्हा शिकू द्यायचे की नाही, हा वादच नाही. वाद आहे तो कसे, कोणाच्या देखत आणि कोणाला सांगून, हा.

यात रुग्णाचे किती नुकसान होते, याचा हिशेबही लोकांनी मांडला आहे. अमेरिकेत शल्यचिकित्सकांच्या संघटनेने अनेक रुग्णालयांतून शस्त्रक्रियांच्या लाखो नोंदी जमवल्या आणि २०११च्या सुमारास अभ्यासकांनी त्या चाळल्या. निवासी डॉक्टर सामील असलेल्या शस्त्रक्रियांना वेळ अधिक लागला; जखम चिघळण्यासारख्या किरकोळ तक्रारी किंचित अधिक झाल्या; मृत्यू मात्र अधिक झाले नाहीत. हा आकडा आपले डॉक्टर मोठ्या हौसेने पुढे करतात. आकडा खोटा नाही. पण तो कुठल्या व्यवस्थेतून आला, हेही पाहावे की नाही? तिथे म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याचा नियम आहे: शस्त्रक्रियेच्या महत्त्वाच्या टप्प्याला शिकवणारा सर्जन जातीने हजर असला तरच त्याच्या कामाचे पैसे मिळतात. म्हणजे वस्ताद मागावर बसलेला असताना पोराचा काठ कितपत बिघडतो, याचा तो आकडा आहे. वस्ताद उठून गेल्यावर काय होते, त्याचा नव्हे. तिथला आकडा आणायचा आणि तिथला नियम तिथेच ठेवायचा, हा हिशेब आमच्या शाळेत चौथीच्या पोरालाही चालू देणार नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. आपल्याकडे शस्त्रवैद्यकाच्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याजवळ एक नोंदवही असते. तीत त्याने प्रत्येक शस्त्रक्रिया लिहायची असते, आणि तीही चार प्रकारांत वाटून: नुसती पाहिली, मदतीला उभा राहिलो, देखरेखीखाली केली, स्वतंत्रपणे केली. तिच्यावर अध्यापकाची सही होते. ही वही दाखवल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. किती उत्तम पद्धत! पण जरा विचार करा. याचा अर्थ असा की, कोणाच्या पोटावर कोणाचा हात चालला, हे महाविद्यालयाला अचूक ठाऊक असते. विद्यार्थ्याला ठाऊक असते, अध्यापकाला ठाऊक असते, परीक्षकाला ठाऊक असते. ठाऊक नसते ते फक्त ज्याचे पोट आहे त्याला. त्याच्या कागदावर सरांचे नाव, आणि पोराच्या वहीत 'स्वतंत्रपणे केली'. एकाच शस्त्रक्रियेची दोन कागदांवर दोन सत्ये! मी कादंबरीकार आहे, खोटे लिहिणे हा माझा पोटाचा जोडधंदा आहे. पण एकाच प्रसंगात नायक दोन ठिकाणी उभा करायचे धाडस मला अद्याप झालेले नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्यात सांगितले की, रुग्णाची संमती पुरेशा माहितीवर उभी असली पाहिजे, आणि एका कामासाठी दिलेली संमती दुसऱ्या कामाला चालणार नाही. मग एकाच्या नावावर घेतलेली सही दुसऱ्याच्या हाताला कशी चालते? हा प्रश्न मी वकील मंडळींच्या हवाली करतो. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत सहीच्या कागदावर निदान एवढे छापत आले आहेत की, अमुकच व्यक्ती शस्त्रक्रिया करील अशी हमी देता येत नाही, परंतु जी करील तिला योग्य तो अनुभव असेल. पळवाट म्हणा हवी तर. पण पळवाट तरी छापील आहे.

त्याच इंग्लंडात ब्रिस्टल शहरी काय घडले तेही सांगतो, म्हणजे साहेबाचे कौतुक फार होणार नाही. तिथल्या रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया होत. करणारे पोरसवदा नव्हते, नावाजलेले सर्जन होते. पण तान्ह्या बाळांवरची एक अवघड नवी शस्त्रक्रिया त्यांच्या हाताला बसत नव्हती. स्टीफन बोल्सिन नावाचा भूलतज्ज्ञ आकडे मांडून ओरडत राहिला. त्याचे लवकर कोणी ऐकले नाही. २००१ साली चौकशीचा अहवाल आला. १९९१ ते १९९५ या काळात, अपेक्षेपेक्षा तीस ते पस्तीस बालके अधिक दगावली होती. केस पिकलेला हातसुद्धा नव्या कामात शिकाऊच असतो, आणि 'मला हे अजून येत नाही' हे सांगायला पोरापेक्षा वस्तादालाच अधिक लाज वाटते.

उलट टोकाचेही पाहिले पाहिजे. १८४५पासून मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय आणि जे. जे. रुग्णालय ही जोडी डॉक्टर घडवीत आली आहे. तिथे २०२३च्या मे महिन्याच्या अखेरीस नेत्रविभागाच्या निवासी डॉक्टरांनी संप पुकारला. त्यांच्या तक्रारींत एक अशी होती की, आम्हांला शस्त्रक्रिया करू देत नाहीत. समोर होते डॉ. तात्याराव लहाने, ज्यांच्या नावावर मोतीबिंदूच्या लाखावर शस्त्रक्रिया आहेत, आणि त्यांचे सहकारी. ज्येष्ठांनी आरोप नाकारले आणि नऊ जणांनी राजीनामे दिले. कोण खरे, कोण खोटे, हे मी येवल्यात बसून ठरवणार नाही. ते माझे काम नव्हे. परंतु त्या भांडणाचा विषयच पाहा! आंधळ्या म्हाताऱ्याला वस्तादाचाच हात हवा. पोराला आपला हात घडायला हवा, नाही तर उद्या तालुक्याच्या गावी हा डॉक्टर पदवी घेऊन येणार आणि पहिला खरा मोतीबिंदू तिथे, एकटा, कोणी शेजारी नसताना काढणार. वृत्तपत्रांनी संप छापला, राजीनामे छापले. त्या विभागाबाहेर बाकावर डोळ्याला पट्टी बांधून बसलेल्या माणसाला मात्र कोणी विचारले नाही, "बाबा, तुमचे यात काय म्हणणे?"

आता अशी पोरे जिल्ह्यालाही येऊ लागली आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम केलेच पाहिजे, असा नियम झाला आहे. यावे, अवश्य यावे. खेड्यातले दुखणे त्यांनी बघावे. पण त्यांच्याबरोबर त्यांचे महाविद्यालयातले गुरुजी येत नाहीत. देखरेख पडते ती आधीच रांगेने पिचलेल्या जिल्ह्याच्या डॉक्टरवर. आणि महाविद्यालयांत तरी काय? अध्यापकांच्या रिकाम्या जागांची ओरड वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. सर शेजारच्या थिएटरात होते ते चहा पीत नव्हते, हे मला ठाऊक आहे. कदाचित तिथेही कोणाचे पोट उघडे होते. एका वस्तादाला दोन माग दिले, हा दोष वस्तादाचा नाही, देणाऱ्याचा आहे. आणि छत्तीस तास जागलेल्या पोराचा हात थरथरला, तर तोही दोष एकट्या पोराचा नाही.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते. "मास्तर, रुग्णाला सांगितले तर एकही तयार होणार नाही. शिक्षणच बंद पडेल." हे उत्तर देणाऱ्यांनी गरिबाला फारच स्वस्त समजले आहे. याच महाराष्ट्रात साधीसुधी माणसे देहदानाचा अर्ज भरून ठेवतात. मेल्यावर आमच्या देहावर पोरांना शिकू द्या म्हणतात. जो माणूस मेल्यावर शिकू देतो, तो जिवंतपणी विचारल्यावर नाहीच म्हणेल, हे कशावरून? माझ्या वडिलांना जर कोणी म्हटले असते, "बाबा, हा पोरगा करणार आहे, याची ही तिसरी आहे, मी शेजारी उभा आहे," तर त्यांनी त्या पोराला आधी चार युक्तीच्या गोष्टी सांगितल्या असत्या आणि मग सही केली असती. विचारले असते तर ते त्यांचे दान झाले असते. विचारले नाही, म्हणून ते नुसते घेणे झाले.

आणि खरी बोच तर पुढेच आहे. नाही म्हणायची मुभा मिळाली तरी ती कोणाला मिळते? अतुल गावंडे यांचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. वडील आत्माराम गावंडे यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातल्या उटी गावचे. अमेरिकेत जाऊन मूत्रविकारांचे सर्जन झाले, आणि आपल्या आईच्या नावाने उमरखेडला महाविद्यालय काढले. मुलगा बोस्टनला सर्जन आणि मोठा लेखक. २००२ साली 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात त्याने याच विषयावर लिहिले, आणि त्याच वर्षी ते त्याच्या 'कॉम्प्लिकेशन्स' या पुस्तकात आले. शिकाऊ असताना आपली सुई रुग्णाच्या छातीत कशी चुकली, हे त्याने सांगितले आहेच. पण मला धरून ठेवले ते दुसऱ्याच कबुलीने. त्याचे स्वतःचे बाळ काही दिवसांचे असताना हृदयाच्या दोषाने अत्यवस्थ झाले. रुग्णालयात शिकाऊ डॉक्टरांनी रात्रंदिवस राबून त्याला सांभाळले. बाळ बरे होऊन घरी निघाले, तेव्हा त्या राबलेल्यांपैकी एका तरुण डॉक्टरने सहज विचारले, पुढची तपासणी माझ्याकडे कराल ना? आणि गावंडे पती-पत्नींनी ज्येष्ठाला निवडले. शिकाऊ हातांची बाजू मांडणारा माणूस, स्वतःच्या लेकराची वेळ येताच वस्तादाकडे गेला! जो जाणतो आणि ज्याची ओळख आहे तो सुटतो. उरतो त्याच्यावर शिकले जाते. त्याने हे लपवले नाही, म्हणून मी त्याला मानतो.

मीही लपवत नाही. चार वर्षांपूर्वी माझ्या मुलीचे अपेंडिक्स सुजले. वडिलांचे ते एकतीस दिवस मला तोंडपाठ होते. मी रातोरात दोघा-तिघांना फोन केले, एका ओळखीच्या अधिकाऱ्याकडून शब्द टाकवला, आणि 'मोठ्या डॉक्टरनेच करावे' हे ठरवून घेतले. त्या पेठेतल्या गृहस्थांत आणि माझ्यात फरक एवढाच की त्यांनी पैसे मोजले आणि मी ओळख मोजली. शेजारच्या खाटेवर नांदगावकडच्या एका ऊसतोड मजुराची मुलगी होती. तेच दुखणे, तेच वय. तिच्या बापाजवळ कोणाचा फोन नंबर नव्हता. त्या रात्री ती पाळी कोणाच्या तरी पोरीवर येणारच होती. मी ती माझ्या मुलीवरून तिच्यावर ढकलली. दोघी बऱ्या झाल्या. तरी मला तो बाप अजून दिसतो. त्याने मला त्या दिवशी आपल्या डब्यातली भाकरी दिली होती.

म्हणून माझे मागणे गोडीगुलाबीचे नाही, नियमाचे आहे. माझ्यासारख्या बापांच्या चांगुलपणावर हे सोडू नका. तो वेळेला टिकत नाही. राज्यात २०१२ साली जीवनदायी योजना आली, २०१७पासून ती महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालते. शस्त्रक्रियेमागे रुग्णालयाला पैसे मिळतात. त्या पैशाला दोरी बांधा. शिकाऊ हाताने केली असेल तर नोंदवहीतला तोच शब्द रुग्णाच्या कागदावर उतरलाच पाहिजे, आणि महत्त्वाच्या टप्प्याला शेजारी कोण उभे होते त्याचे नाव खाली आलेच पाहिजे. नाही तर पैसे नाहीत. आणि ज्या रुग्णालयात शिक्षण चालते तिथे आमदाराच्या नातलगाला एक नियम आणि ऊसतोड मजुराच्या पोरीला दुसरा, असे चालू देऊ नका. साहेबाच्या पोटावरही एखादा काठ पोराला विणू द्या. मग बघा, मागाशेजारी वस्तादाची खुर्ची किती लवकर येते आणि त्याच्या रिकाम्या जागा किती लवकर भरतात!

एवढे लिहून मी गप्प बसलो असतो. पण अंतर्गळ आमच्या घराण्यात असावा. या भाद्रपदात तो मलाही निघाला. पुन्हा एका सरकारी रुग्णालयात गेलो. या खेपेस कोणाला फोन केला नाही. बाह्यरुग्ण विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, माझ्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. त्यांनी तपासले, तारीख दिली, सहीचा कागद पुढे केला. मी विचारले, "बाई, करणार कोण?" त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा मागच्या दाराकडे. मग म्हणाल्या, "मी करणार आहे, सर. आमचे सर शेजारी उभे असतील." मी विचारले, "कितवी?" त्या म्हणाल्या, "एकटीने केलेली एकही नाही. त्यांच्या देखत केलेल्या पाच. ही सहावी."

मी म्हटले, "हे कागदावर लिहाल?" त्यांनी पेन उचलले आणि स्वतःचे नाव लिहिले, त्याखाली सरांचे. मी सही केली.

तारीख तुळशीच्या लग्नानंतरची आहे. घरी एवढेच ठाऊक आहे की मोठे डॉक्टर करणार आहेत. हा अंक घरी येईल तेव्हा बायको वाचीलच.